तिसरं स्टूल

एव्हरिल कार्टलिजनं पस्तीस वर्षं कपांना कान लावले. लाँगटनमधल्या पार्जिटरच्या पॉटरीत, म्हणजे कपबशांच्या कारखान्यात, ती सोळाव्या वर्षी लागली, आणि त्यानंतर दुसरं काम तिनं कधी शोधलंच नाही. अर्धवट सुकलेला कप डाव्या हातात, साच्यातून निघालेला मऊ कान उजव्या हातात. कानाची दोन्ही टोकं मातीच्या पातळ घोळात बुडवायची, कपाला टेकवायची आणि श्वास धरून दाबायची. दाब कमी पडला तर भट्टीत कान गळून पडतो, जास्त झाला तर कपाला पोचा येतो. एव्हरिलच्या हातचा कान गळल्याचं भट्टीवाल्यांना आठवत नव्हतं. ते तसं आपसांत म्हणतही. तिला मात्र कुणी कधी सांगितलं नव्हतं.

कानाच्या खोलीत अकरा बाकं होती आणि प्रत्येक बाकावर तिघीजणी. पहिली कानाची शिवण खरवडायची, मधली कान चिकटवायची, तिसरी सांध्यातून बाहेर आलेला घोळ ओल्या स्पंजनं पुसून काढायची. एव्हरिल मधली. तिच्या उजव्या हाताला, तिसऱ्या स्टुलावर, नोरीन ब्लोर.

नोरीन तिची नणंद, म्हणजे डेरेकची धाकटी बहीण. पण मैत्रीण आधीची. डेरेकशी गाठ घालून दिली ती नोरीननंच. आडव्या अंगाची, मोठ्या आवाजाची बाई. रेडिओवरच्या गाण्यांना आपलेच शब्द घालून गायची, आणि ते शब्द बहुधा मॅनेजर गिब्बन्सच्या टकलाबद्दल असायचे. तिच्या अंगाला एकच दुखणं होतं, ते म्हणजे तिचे हात. आठ-आठ तास गार पाण्यात हात घालून बसल्यावर हिवाळ्यात पेरं फाटायची. रात्री ती त्यांना चरबी चोळायची आणि वर नवऱ्याचे पायमोजे चढवून झोपायची. सकाळी स्पंज पिळला की पाण्यात लालसर धागा उतरायचा.

तो धागा बघवेना म्हणून एव्हरिलनं एक हिवाळाभर खटपट केली. घोळ थोडा दाट केला. त्यात व्हिनेगरचे चार थेंब टाकले. कानाच्या टोकाला नखानं बारीक खाच पाडली, की जादा घोळ बाहेर न येता त्या खाचेतच बसेल. दहा-बारा कप फुकट गेले, ते तिनं गुपचूप मातीच्या पिंपात परत टाकले. मग एके दिवशी सांधा असा स्वच्छ बसला की पुसायला काही उरलंच नाही.

"अगं, हे काय केलंस?" नोरीन कप डोळ्यांजवळ धरून म्हणाली. "मला काम काय ठेवलंस मग?"

"हात मांडीवर ठेवून बस. गिब्बन्स आला की स्पंज फिरव."

त्या दिवसापासून नोरीन सकाळी दाखवण्यापुरतं पुसून जेवणाच्या सुट्टीनंतर कोरडीच बसू लागली. गिब्बन्सचे बूट वाजले की ती असा काही स्पंज फिरवायची, की बाकावरच्या तिघींना हसू आवरताना ठसका लागायचा. पाच वर्षं हे चाललं. बाकाबाहेर कुणाला पत्ता नाही, असंच तिघी समजत होत्या.

मग एका शरद ऋतूत मार्कस थर्लो आला. लंडनहून आलेला, पन्नाशीचा, उंच, बोलणं हळू. जुने कारखाने तगतात कसे यावर तो पुस्तक लिहीत होता, आणि मालकांनी त्याला तीन आठवडे खोलीत बसायची परवानगी दिली होती. पहिले दोन दिवस तो सगळ्यांच्या पायात आला. तिसऱ्या दिवशी एक उलटं पिंप ओढून एव्हरिलच्या शेजारी बसला तो तिथलाच झाला. कोपऱ्यावरच्या दुकानातून चीज घातलेले गरम ओटकेक तिच्यासाठी आणायचा, विचारायचा आणि निळ्या वहीत लिहायचा.

"आला गं तुझा वहीवाला," नोरीन म्हणायची. "आज केस विंचरून आलीयस, डेरेकला सांगू का?"

"गप बस, ऐकेल तो."

"ऐकू दे की. लिहू दे. 'नोरीन ब्लोर, अतिशय देखणी बाई.' नीट लिही रे बाबा!"

तिसऱ्या आठवड्यात नोरीन दात काढायला म्हणून एक दिवस आली नाही. तिचं स्टूल रिकामं, आणि तरी बाकावरचे कप रोजच्याइतकेच निघाले. थर्लोच्या ते लक्षात आलं. दुपारी त्यानं विचारलं, "मिसेस कार्टलिज, आज पुसायला कुणी नाही. मग हे कप स्वच्छ कसे?"

एव्हरिलनं पुढचा कप उचलला.

"तुमचंच काहीतरी आहे यात. मी तुमची बोटं बघतोय कधीपासून. हे तुम्ही वर सांगितलं नाहीत?"

"वर कोण बसलंय माझं ऐकायला."

थर्लोनं पेन खाली ठेवलं. "मी बसलोय ना," तो म्हणाला.

एकतीस वर्षांत तिच्याशी असं कुणी बोललं नव्हतं. तिचा चेहरा तापला. तिनं त्याला घोळ दाखवला, व्हिनेगरची बाटली दाखवली, नखाची खाच कशी पाडायची ते त्याच्याकडूनच एका कानावर करून घेतलं. नोरीनच्या हातांबद्दलही सांगितलं. बोलताना ती थांबतच नव्हती. जायच्या दिवशी त्यानं एक कागद पुढे केला, तिचं खरं नाव वापरण्याच्या परवानगीचा. तिनं सुवाच्य अक्षरात सही केली.

पुढच्या मार्चमध्ये गिब्बन्सनं सगळ्यांना खोलीत उभं केलं. दाराशी एक नवं पिंप आणून ठेवलं होतं. त्यानं झाकण काढलं आणि व्हिनेगरचा वास खोलीभर पसरला. आजपासून घोळ असा येईल, तो म्हणाला, कानाला खाच साच्यातच येईल, आणि प्रत्येक बाकावर दोघीच बसतील. अकरा नावं त्यानं कागदावरून वाचली. ब्लोर दुसरं नाव होतं.

नोरीन एव्हरिलच्या कानाशी लागली. "कुणीतरी बघितलं गं आपलं नाटक. हा गिब्बन्सच असणार. भिंतीआडून बघत असतो मेला."

"हो," एव्हरिल म्हणाली.

एवढं एक अक्षर. त्या क्षणी दुसरं काही म्हणता आलं असतं, हे तिला पुढे कितीतरी वेळा वाटलं. पण पहिल्या दिवशी जे बोललं गेलं नाही ते दुसऱ्या दिवशी बोलणं जास्त अवघड, आणि महिन्याभरानं तर अशक्यच.

नोरीनला वृद्धाश्रमात फरश्या पुसायचं काम मिळालं. पगार कमी, आणि बादलीतल्या पाण्यात औषध घातलेलं, त्यामुळे हात आता हिवाळ्याची वाट न बघताच फाटू लागले. तरी गुरुवारी दोघी आकड्यांच्या खेळाला, बिंगोला, जायच्या. नोरीन गिब्बन्सला शिव्या घालायची, एव्हरिल मान हलवायची.

पुढच्या वर्षी उन्हाळ्यात टपालानं पुस्तक आलं. जाड पुठ्ठ्याचं, वर एका लाकडी स्टुलाचं चित्र. नाव 'तिसरं स्टूल'. थर्लोनं पहिल्या पानावर लिहिलं होतं, "एव्हरिलला, जिनं मला बघायला शिकवलं." चौथं प्रकरण पूर्ण तिच्यावर होतं. तिनं ते स्वयंपाकघरात उभ्या उभ्याच वाचलं. माणसानं लिहिलं मोठं छान होतं. कान दाबताना ती श्वास धरते, तेसुद्धा त्यानं टिपलं होतं. वाचता वाचता तिला स्वतःचा अभिमान वाटला, आणि मग पुढचं पान आलं. प्रत्येक कंपनीत एक तिसरं स्टूल असतं, त्यात म्हटलं होतं, केवळ सवयीनं ठेवलेलं. ते कोणतं, हे शेजारच्या स्टुलावरच्या माणसाला माहीत असतं; त्याला विचारा. पार्जिटरमध्ये तिसऱ्या बाईला दुपारनंतर कामच नसे. फाटलेल्या पेरांचं कुठे नाव नव्हतं. अकरा जणींबद्दल एकच वाक्य होतं: रिकाम्या झालेल्या जागांचा प्रश्न सामंजस्यानं सुटला.

तिनं पुस्तक कपाटात, जादा पांघरुणांच्या खाली ठेवलं. डेरेकला म्हणाली, पॉटरीवरचं काहीतरी आहे. त्याची कोळशाची खाण बंद पडल्यापासून डेरेक घरीच असायचा, छातीनं बेजार. त्याला पुस्तकांची आवड नव्हती. लाँगटनमध्ये असली पुस्तकं वाचतंय कोण, असं तिनं मनाशी धरलं, आणि तसं खोटंही नव्हतं.

पण लंडनमध्ये वाचत होते. वर्षातल्या सर्वोत्तम व्यवसायविषयक पुस्तकाला तिथे दर शरदात मोठा पुरस्कार देतात. त्या वर्षीच्या अखेरच्या सहा पुस्तकांत 'तिसरं स्टूल' आलं. थर्लोचा फोन आला. "एव्हरिल, तुम्ही यायलाच हवं. तिकीट, हॉटेल, सगळं प्रकाशक बघतील. हे पुस्तक तुमचं आहे."

नाही म्हणायला तिच्याकडे कारणं होती. ती एकही बोलली नाही. तिला जायचं होतं.

नोरीनला तिनं सांगितलं की लंडनला मावसबहिणीकडे जातेय, तिच्या मुलाचा साखरपुडा आहे. "या जुन्या कोटात जाणार?" नोरीन म्हणाली, आणि स्वतःचा हिरवा कोट घेऊन आली, मखमली कॉलरचा, लेकीनं पहिल्या पगारात घेऊन दिलेला. "घाल. आणि त्यावर ग्रेव्ही सांडलीस तर जीव घेईन."

जेवणाचा दिवाणखाना एवढा मोठा, की टोकाच्या टेबलावरची माणसं ओळखू येत नव्हती. खोली गार होती म्हणून एव्हरिलनं कोट काढलाच नाही. तिच्या एका बाजूला प्रकाशनाची मुलगी, दुसऱ्या बाजूला बँकेतल्या कुणी बाई. त्या बाई मन लावून बोलत होत्या. "म्हणजे तुम्हीच ती! आमच्याकडे हल्ली प्रत्येक बैठकीत कुणीतरी विचारतंच, आपलं तिसरं स्टूल कुठलं? आम्हाला चार सापडली."

"चार स्टुलं?"

"चार विभाग," बाई हसून म्हणाल्या.

कॉफी आली. एव्हरिलनं सवयीनं बशी उलटी करून खालचा शिक्का बघितला. कपबशांवर जगणाऱ्या लाँगटनमधला कुणीही माणूस बघतोच. माल परदेशी होता. तिनं कानावरून बोट फिरवलं. सांधा नव्हता, कप आणि कान एकाच साच्यात ओतलेले होते. म्हणजे मधल्या स्टुलाचीही गरज उरली नव्हती. तिनं कप खाली ठेवला. तेवढ्यात दिवे मंद झाले आणि परीक्षकांचे प्रमुख बोलायला उठले.

त्यांनी 'तिसरं स्टूल'चं नाव घेतलं. या वर्षीचं सर्वात माणुसकीचं पुस्तक, ते म्हणाले, कारण ते कामगाराचं ऐकतं. थर्लो पुरस्काराची काचेची पट्टी घ्यायला वर गेला आणि तिथून त्यानं हात केला. "ज्यांनी हे शिकवलं त्या इथे आहेत. एव्हरिल, उभ्या राहा."

ती उभी राहिली. चारशे माणसं टाळ्या वाजवत होती. काही जण उठून वाजवत होते. तिला वाटलं आता नोरीनची आठवण येईल आणि आपण खाली बसू. तसं झालं नाही. तिला फार बरं वाटलं. जन्मात कधी वाटलं नव्हतं तेवढं. हे तिनं पुढे कुणालाही सांगितलं नाही, पण स्वतःपासूनही लपवलं नाही.

कुणीतरी थर्लोबरोबर तिचा फोटो काढला. चौथ्या दिवशी तो गावच्या वर्तमानपत्रात पाचव्या पानावर आला. 'लाँगटनच्या आजीबाईंच्या युक्तीला लंडनची दाद.' खाली सगळी हकीकत होती, दाट घोळ, व्हिनेगर आणि वाचलेल्या अकरा पगारांसकट.

नोरीननं तो वृद्धाश्रमात बघितला; एका म्हाताऱ्याला वाचून दाखवताना. आधी तिला आपला कोट ओळखू आला, मग आत कोण आहे ते.

संध्याकाळी ती मागच्या दारानं आली. ओरडली नाही. एव्हरिलला वाटत होतं ओरडेल. त्यासाठी तिची तयारी होती. डेरेक टीव्हीसमोर बसला होता, त्यानं आवाज बंद केला.

"कोट," नोरीन म्हणाली.

एव्हरिलनं कोट आणून दिला. "नोरीन, मी त्याला तुझ्या हातांचंच सांगत होते गं. तो असं लिहील असं..."

"मी म्हणाले होते, गिब्बन्सच असणार. आठवतं? तू म्हणालीस, हो."

"हो."

"दीड वर्ष त्या टकल्याला शिव्या घालतेय मी. तू शेजारी बसून ऐकतेयस. बिंगोचं कार्ड भरतेयस." तिनं दोन्ही हात दिव्याखाली धरले. पेरांवर पांढऱ्या, कोरड्या भेगा होत्या. "माझे हात सुकावेत म्हणून केलंस ना? सुकले बघ."

"मला माफ कर."

"तुला टाळ्या मिळाल्या?"

एव्हरिल कोटाच्या कॉलरकडे बघत राहिली.

"विचारतेय मी. उभं केलं म्हणे. टाळ्या वाजवल्या?"

"वाजवल्या."

"मग बास," नोरीन म्हणाली. "माझी माफी कशाला हवी तुला आणखी." आणि कोट हातावर टाकून, अंगात न घालताच, थंडीत निघून गेली.

डेरेकनं टीव्हीचा आवाज पुन्हा लावला. मग म्हणाला, "माझी बहीण आहे ती, एव्हरिल." त्यापलीकडे त्या विषयावर तो कधी बोलला नाही. त्यानं चार शब्द सुनावले असते तर तिला सोपं गेलं असतं.

खोलीत बायका तिच्याशी कामापुरतं बोलू लागल्या. उरलेल्या बावीस जणींपैकी जवळजवळ प्रत्येकीची कुणी ना कुणी त्या अकरांत होती. तिच्या स्टुलावर एकदा कुणीतरी खडूनं 'लेखिका' असं लिहून ठेवलं. तिनं ते ओल्या फडक्यानं पुसलं आणि कामाला बसली.

फेब्रुवारीत थर्लोचा पुन्हा फोन आला. बर्मिंगहॅमला मॅनेजर लोकांची मोठी परिषद होती, तिथे तिनं दहा मिनिटं बोलावं. ती हो म्हणाली, आणि या वेळी कारण वेगळं होतं. जे पुस्तकात नव्हतं ते सगळं तिनं टिपणवहीच्या चार पानांवर उतरवून काढलं, आगगाडीत दोनदा वाचलं.

मंचावर उभी राहून ती बोलली. नोरीनच्या पेरांबद्दल, स्पंजमधल्या लाल धाग्याबद्दल, वृद्धाश्रमाच्या बादलीबद्दल. स्वतःच्या त्या 'हो'बद्दल. "तुम्ही म्हणता तिसरं स्टूल," ती म्हणाली. "स्टूल नव्हतं ते. नोरीन ब्लोर होती. मी मैत्रिणीची सोय केली होती आणि या गृहस्थांनी ती तुम्हाला विकली. तुम्ही आपापल्या कारखान्यात काय केलंत ते मला माहीत नाही. मी काय केलं ते मला माहीत आहे."

मग मागून कुणीतरी टाळी वाजवली, आणि सगळं सभागृह उठून उभं राहिलं. पुढच्या रांगेत एक तरुण बाई डोळे पुसत होती. खाली उतरल्यावर एक जण हात धरून म्हणाला, इतकं प्रामाणिक भाषण त्यानं कधी ऐकलं नाही. त्याच्या कंपनीत पुढच्या महिन्यात कपात आहे, तेव्हा ती येऊन बोलेल का? लोकांना धीर येईल.

थर्लो गर्दीतून वाट काढत तिच्यापाशी आला. "एव्हरिल, हे नव्या आवृत्तीत यायलाच हवं. शेवटचं प्रकरण म्हणून. ती चार पानं मला द्याल?"

तिनं वही पर्समध्ये टाकली आणि पर्स दोन्ही हातांनी धरली. "नाही."

"तुमच्याच शब्दांत घालू. एक अक्षर बदलणार नाही."

"तुम्ही चांगलं लिहिता, मिस्टर थर्लो," ती म्हणाली. "मला तुमची भीती वाटते." गाडीला दीड तास अवकाश होता, तरी ती स्टेशनवर जाऊन बसली.

त्यानं ते लिहिलंच की नाही, तिला कधी कळलं नाही. नवी आवृत्ती आली तेव्हा टपालानं आलेलं पाकीट तिनं न फोडता परत पाठवलं.

पार्जिटर त्यानंतर दोन वर्षांनी बंद पडलं. दोघींची बाकंही महाग होती. कप आता सांध्याशिवाय ओतून परदेशातून यायचे. शेवटच्या दिवशी गिब्बन्सनं प्रत्येकीला एकेक कप भेट दिला आणि तो रडला. निघताना त्यानं एव्हरिलला बाजूला घेतलं. "घोळाची ती युक्ती मला थर्लोनं सांगितली होती. मी स्वतःहून ती कधी ओळखली नसती. बरं चाललं होतं की तुमचं."

"तुम्हाला स्पंजचं नाटक कळत होतं?"

"पाच वर्षं," गिब्बन्स म्हणाला. "हसायला यायचं मला."

ती घरी पायीच गेली.

नंतर तिला सुपरमार्केटमध्ये गल्ल्यावर काम मिळालं. नोरीनच्या लेकीचं लग्न झालं, त्याला डेरेक एकटा गेला; त्याचा सूट तिनं इस्त्री करून दिला. दोन वर्षांनी डेरेकची छाती हरली. दफनाच्या वेळी नोरीन समोरच्या बाजूला उभी होती, हिरव्या कोटात, आणि माती पडल्यावर एव्हरिल-डेरेकच्या पोरांना भेटून निघून गेली.

दर शनिवारी नोरीन त्याच सुपरमार्केटमध्ये यायची. एव्हरिल डाव्या गल्ल्यावर असली तर ती उजवीकडच्या रांगेत उभी राहायची, ती रांग कितीही लांब असो. अशी सहा वर्षं गेली. मग एका डिसेंबरच्या सकाळी दोन मुली आजारी पडल्या आणि एकच गल्ला उघडा राहिला. नोरीननं इकडेतिकडे बघितलं. हातातली टोपली खाली ठेवून निघून जावं की काय, असं तिच्या चेहऱ्यावर दिसलं. बाहेर गारांचा पाऊस होता. ती पुढे आली आणि पाव, मांजराचं खाणं, चहाचा पुडा, हातांना लावायच्या मलमाची डबी असं एकेक पट्ट्यावर ठेवत गेली.

एव्हरिलनं ते एकेक करून यंत्रावरून सरकवलं. मलमाच्या डबीपाशी तिचा हात अडला.

"पिशवी देऊ?"

"आहे."

एव्हरिलनं आकडा सांगितला आणि तळहात पुढे केला. नोरीननं नाणी मोजली आणि तिच्या हातात न देता पट्ट्यावर ठेवली. मग पिशवी उचलून, टोपीची दोरी हनुवटीखाली बांधून, ती गारांत बाहेर पडली.

एव्हरिलनं नाणी वेचली. मागे चार माणसं उभी होती.